अपत्याची चाहूल लागण्यापूर्वीचे ताट
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



समाजातील पुष्कळ विवाह वैशाख-ज्येष्ठात होतात. नववधू सासरी रुळते न रुळते तोच चातुर्मास सुरू होतो. अनेक घरांतून पालेभाजी वर्ज्य होते. अष्टमी-चतुर्दशीस तर कोणतीच हिरवी भाजी शिजत नाही. सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी केलेला हा त्याग वंदनीयच आहे. परंतु त्याच दिवसांत त्या दांपत्याच्या मनी अपत्याची आशा अंकुरलेली असते, हे घरातील वडीलधाऱ्यांच्या क्वचितच ध्यानी येते.

पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्रात त्रिशलामातेने गर्भकाळी अतिशीत, अतिउष्ण, अतिकटू आहार टाळल्याचे वर्णन आहे. गर्भ राहिल्यानंतरची काळजी समाजास नवी नाही. राहून जाते ती त्यापूर्वीची तयारी. ज्या नलिकेतून बाळाचा मेंदू व मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. ती नलिका नीट मिटण्यास फोलेट हे जीवनसत्त्व आवश्यक असते.

या शोधाचा एक धागा मुंबईशी जुळलेला आहे. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे दाखविले. पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून हे द्रव्य वेगळे करण्यात आले. लॅटिनमध्ये पानास ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून त्यास फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. पूर्वी असे व्यंग असलेले बालक झालेल्या मातांमध्ये फोलिक ॲसिडमुळे त्याची पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी घटल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनात आढळले.

मग व्रत मोडावे काय? मुळीच नाही. मूग, हरभरा, चवळी, मसूर यांतही फोलेट भरपूर असते आणि ही कडधान्ये तिथीसही चालतात. ज्या दिवसांत भाजी चालते, त्या दिवसांत ती ताजी आणावी, निवडून आधी धुवावी, मग चिरावी. थोड्या पाण्यात शिजवावी आणि ते पाणी टाकू नये. बी-१२ जीवनसत्त्व मात्र भाजीत वा डाळीत नसते. त्यासाठी दूध-दही घ्यावे, द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी दही वेगळ्या वेळी घ्यावे आणि रक्ततपासणीही करून घ्यावी.

तथापि केवळ आहारावर विसंबू नये. अपत्याचा विचार सुरू होताच, निदान महिनाभर आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावे आणि ते गर्भाच्या बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवावे, हा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे. पूर्वी व्यंग असलेले बालक झाले असल्यास किंवा अपस्माराची औषधे चालू असल्यास मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. कॅप्सूलमधील जिलेटिनची शंका असल्यास साधी गोळी मागावी. दीर्घ उपवासापूर्वीही डॉक्टरांस विचारावे.

एक गोष्ट विशेष. ताजी भाजी खाल्ल्याने अपत्य होईलच, असे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून विलंब झाल्यास सुनेच्या ताटाकडे बोट दाखवू नये. पतीनेही तंबाखू-गुटखा सोडावा आणि तपासणीस तिच्याबरोबर जावे. तिला टोमणा लागणे, हीदेखील हिंसाच होय.

चातुर्मासाचे नियम घेताना सासूने सुनेस जवळ बसवून एवढेच विचारावे, “बाई, तुझ्या प्रकृतीस कोणता नियम झेपेल?” एवढ्या एका प्रश्नात धर्मही राखला जाईल आणि उद्याचा जीवही.

जय जिनेंद्र!