कितवा नंबर आला?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





लहान मुलांची प्रगती कशी मोजावी, या विषयावर मी दोन शब्द बोलावेत असे मुख्याध्यापकांनी सुचविले. मी कोणी विद्वान नव्हे. पाचवी ते आठवीच्या वर्गांना मराठी व इतिहास शिकविणारा, बी. ए., बी. एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. शिवाय पहिलीत जाणाऱ्या एका मुलीचा बाप आहे. प्रगती पुस्तक लिहिणाराही मीच आणि घरी ते वाचणाराही मीच. म्हणून आज जे बोलेन त्यातले निम्मे बोलणे स्वतःला उद्देशून आहे, असे समजावे.

निकालाचा दिवस आपण सर्वांनी पाहिला आहे. मूल प्रगती पुस्तक घेऊन घरी येते. आपल्या खाडीपट्ट्यातल्या कितीतरी घरांत बाबा मस्कतला, कुवेतला किंवा दोह्याला असतात. संध्याकाळी त्यांचा फोन येतो. आई फोन मुलाच्या कानाला लावते आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, "कितवा नंबर आला?" वर्षभर मूल काय शिकले, कशाची गोडी लागली, कुठे अडले, हे सारे त्या एका प्रश्नापुढे गप्प होते. बाबांचे प्रेम कमी असते असे मुळीच नाही. उन्हातान्हात राबून जो माणूस शाळेची फी पाठवितो, त्याला विचारण्याचा अधिकार आहेच. परंतु विचारायचे काय, हे त्याला आम्ही शिक्षकांनी कधी नीट सांगितलेले नाही.

मागच्या सहामाहीला माझ्या मुलीचे प्रगती पुस्तक हातात आले, तेव्हा मी प्रथम काय पाहिले असेल? श्रेणीचा रकाना! खाली तिच्या बाईंनी सुंदर अक्षरात चार ओळी लिहिल्या होत्या, त्या मी रात्री पत्नीने दाखविल्यावर वाचल्या. पंधरा वर्षे दुसऱ्यांच्या मुलांबद्दल अशा ओळी लिहिणाऱ्या माणसाची ही गत, तर इतरांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

आता पालकांचे या बाबतीत काय म्हणणे असते ते पाहू. एक पालक म्हणतात, "सर, हल्ली परीक्षाच नाहीत. सगळ्यांना वर ढकलतात." दुसरे म्हणतात, "ब-1 म्हणजे काय ते आम्हाला कळत नाही. शंभरपैकी किती ते सांगा." तिसरे म्हणतात, "एवढ्या लहान जिवाला कसली परीक्षा? खेळू द्या." तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि तिघांचीही थोडी गल्लत होते.

पहिल्या पालकांना मी सांगेन की नापास न करणे वेगळे आणि न तपासणे वेगळे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार हा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवू नये असे त्यात होते. पण त्याच कायद्यात मुलाचे सातत्याने आणि सर्व अंगांनी मूल्यमापन करावे, असेही स्पष्ट लिहिले होते. पहिला भाग सर्वांच्या लक्षात राहिला, दुसरा विसरला गेला. महाराष्ट्र शासनाने 20 ऑगस्ट 2010 च्या निर्णयाने ही पद्धत आखून दिली. पहिली-दुसरीसाठी शंभरपैकी 70 गुण रोजच्या कामाला आणि फक्त 30 गुण सत्राच्या शेवटी घ्यावयाच्या परीक्षेला ठेवण्यात आले. तोंडी काम, कृती, उपक्रम, प्रकल्प, वर्गातले निरीक्षण, छोट्या चाचण्या ही सारी रोजच्या कामाची साधने. म्हणजे परीक्षा गेली नव्हती. एका दिवसाची होती ती वर्षभर पसरली होती.

पुढे 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्यात 2023-24 या वर्षापासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. तीत जो उत्तीर्ण होत नाही त्याला पुनर्परीक्षेची संधी, आणि तीतही न जमल्यास त्याच वर्गात राहणे, असा नियम झाला. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की पहिली ते चौथी ही वर्षे बिनघोर समजू नका. या चार वर्षांत मूल कुठे अडले ते कोणी पाहिले नाही, तर पाचवीत त्याच्यापुढे एकदम भिंत उभी राहते.

अशाच एका मुलाची हकीकत आपणास सांगतो. त्यात माझी चूक आहे, म्हणून सांगताना संकोच वाटतो.

2023-24 सालीच एक मुलगा पाचवीत माझ्या वर्गात आला. मागील चार वर्षांच्या नोंदी मी चाळल्या. 'शांत स्वभाव.' 'लक्ष देत नाही.' 'सूचनांचे पालन करण्यास वेळ लागतो.' 'प्रयत्न आवश्यक.' पहिल्या सत्राच्या अखेरीस पन्नास मुलांच्या नोंदी मला दोन रात्रींत पुऱ्या करावयाच्या होत्या. त्या मुलाच्या नावापुढे मीही लिहिले, 'शांत आहे, लक्ष कमी.' मागचे पाहून पुढचे लिहिले. त्या ओळीला नोंद म्हणणे बरोबर नाही. ती नक्कल होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याची आई शाळेत आली. दाराबाहेरच उभी होती. आत या म्हटले तरी येईना. मी पुस्तक पुढे केले, सही कुठे करायची ते दाखविले. सही करता करता ती हळूच म्हणाली, "सर, याला जरा पुढे बसवाल काय? मक्तबात मौलवीसाहेब याला समोरच बसवतात, उजवा कान आपल्याकडे येईल असा." मी विचारले, का? ती म्हणाली, "तान्हा होता तेव्हापासून याचा डावा कान वाहायचा. त्या बाजूनं हाक मारली तर ऐकत नाही."

मी तिला विचारले, हे तुम्ही आधी शाळेत का सांगितले नाही? त्या माउलीने जे उत्तर दिले ते मी जन्मभर विसरणार नाही. ती म्हणाली, "कोणी विचारलंच नाही, सर. मला वाटलं, शाळेत सगळं तपासतात."

तालुक्याच्या डॉक्टरांनी कान तपासला. डाव्या कानाने त्याला फारच कमी ऐकू येत होते. औषधपाणी सुरू झाले, जागा बदलली, मी आणि माझे सहकारी त्याच्याशी समोरून बोलू लागलो. चमत्कार वगैरे काही झाला नाही. वार्षिक परीक्षेत दोन विषयांत तो मागे पडला, पुनर्परीक्षेला बसला आणि पास झाला. आज तो वर्गात हात वर करतो. पण पहिली ते चौथी ही वाचन-लेखनाचा पाया घालण्याची चार वर्षे त्याला कोणीच परत देऊ शकणार नाही. त्याच्या आईला जे ठाऊक होते, मौलवीसाहेबांनी जे ओळखले होते, ते आमच्या पाच पुस्तकांत कुठेच नव्हते.

त्या दिवसापासून मी मक्तबाच्या पद्धतीचा विचार करू लागलो. आपण सगळेच तिथे शिकलो आहोत. मौलवीसाहेब प्रत्येक मुलाचा सबक वेगळा ऐकतात. आजचा सबक पक्का झाला तरच उद्या पुढचा मिळतो, नाहीतर तोच पुन्हा. मागचे विसरू नये म्हणून आमोख्ताही ऐकला जातो. एकाच चटईवर एक मूल कायद्यावर असते, दुसरे सिपाऱ्यावर. कायद्याला एखाद्याला वर्ष लागते, एखाद्याला दोन. दोन लागले त्याला कोणी नापास म्हणत नाही. घरी आल्यावर आपणही 'कितवा नंबर' विचारत नाही. विचारतो, "कुठवर आलास?"

पालक हो, हाच तो प्रश्न! शिक्षणशास्त्राची पुस्तके ज्याला आकारिक मूल्यमापन म्हणतात, ते आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहे. मूल कुठवर आले, कुठे अडले, पुढे नेण्यासाठी काय करावे, एवढेच त्यात पाहायचे असते. शेजाऱ्याच्या मुलापेक्षा ते पुढे की मागे, याचा त्याच्याशी संबंध नाही. शाळेच्या बाबतीत मात्र आपण हा शहाणपणा दाराबाहेर चपलेबरोबर ठेवतो.

आता दुसऱ्या पालकांचे म्हणणे. ब-1 म्हणजे काय ते कळत नाही, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि दोष आमचा आहे. 'प्रगती समाधानकारक' या शब्दांनी कोणाचे समाधान होते? त्यापेक्षा 'जोडाक्षरे वाचताना अडते, हातच्याची बेरीज जमते, हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही' असे लिहिले, तर आईला, मोठ्या बहिणीला किंवा दादीलाही काय करायचे ते समजेल. आपण असे स्पष्ट शब्द आमच्याकडे मागा. मागण्यात संकोच नको.

आणि मोजमापच हवे असेल तर तेही सांगतो. 2021 साली केंद्र शासनाने निपुण भारत हे अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत मुलाने वयाला साजेसा नवा मजकूर समजून घेत मिनिटाला किमान 60 शब्द वाचावा आणि 9999 पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात, अशी अपेक्षा त्यात ठेवली आहे. घरी घड्याळ आहे, पुस्तक आहे. सहा महिन्यांतून एकदा पाहावयास काय हरकत आहे? फक्त हातात छडी नसावी.

तिसरे पालक म्हणतात खेळू द्या. अवश्य खेळू द्या; पण खेळताना पाहाही. बाजारात म्हावऱ्याचे वाटे मोजताना, दुकानातून सुटे पैसे परत आणताना, धाकट्या भावाला गोष्ट सांगताना मूल जे करते, तीच त्याची तोंडी परीक्षा. तिथे ते घाबरलेले नसते, म्हणून खरे काय ते तिथेच दिसते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगती पुस्तक हा घर आणि शाळा यांना जोडणारा दुवा मानला आहे.

एक गोष्ट भाषेची. आपली मुले घरी कोकणी बोलीत बोलतात, मक्तबात उर्दू ऐकतात आणि शाळेत पुस्तकी मराठी. पहिलीतल्या मुलाने चित्रातल्या म्हातारीला 'आजी' न म्हणता 'दादी' म्हटले, तर त्याला चित्र कळले नाही असे होत नाही. त्याला शब्द आहे, फक्त तो दुसऱ्या घरचा आहे. शिक्षकांनी अशा उत्तरावर फुली मारू नये आणि पालकांनीही 'याला मराठी येत नाही' म्हणून त्याला लोकांसमोर हिणवू नये. त्याने मुलाची जीभ बांधली जाते आणि मग आम्ही लिहितो, 'शांत स्वभाव'!

शेवटी काही गोष्टी कळकळीने सांगतो. निकाल घ्यायला शक्यतो स्वतः या; बाबा परदेशी असतील तर आईने यावे, आणि दाराबाहेर उभे राहू नये. मुलाची नजर, कान, आजारपण, घरातली एखादी अडचण आम्हाला सांगा. ती चहाडी नव्हे, आमच्या वहीतली ती सर्वांत मोलाची नोंद आहे. मामाच्या मुलाचे गुण मुलासमोर काढू नका. आमची नोंद घरच्या अनुभवाशी जुळत नसेल तर बेधडक विचारा, "सर, हे तुम्ही कशावरून लिहिले?" मला त्या वर्षी कोणी असे विचारले असते, तर फार बरे झाले असते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच. वर्गात ऐकू आले नाही, दिसले नाही, समजले नाही, तर हात वर करा. त्यासाठी कोणी तुमचे गुण कापणार नाही.

या निकालाला परदेशातून फोन येईल तेव्हा आईने बाबांना आधीच सांगून ठेवावे, की आज नंबर विचारू नका. आज विचारा, "बाळा, कुठवर आलास?" मग मूल काय काय सांगते ते ऐका. कदाचित फोनचे पैसे थोडे जास्त पडतील. पण ते वाया जाणार नाहीत.

 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.