नागपुरात घर घेताना
नोकरीनिमित्त नागपुरात येणारी कुटुंबं घर शोधताना मध्यवर्ती सीताबर्डीपासूनचं अंतर आधी मोजतात. पण मेट्रोच्या दोन्ही मार्गिका बर्डीलाच एकमेकींना छेदतात. त्यामुळे दूर खापरी किंवा लोकमान्यनगरकडे राहूनही इथं येणं सोपं झालं आहे. म्हणून अंतराहून कागद मोलाचे. शहराभोवती शेतजमिनीवर अनेक अनधिकृत लेआउट पडले. २००१च्या गुंठेवारी कायद्यानं त्यांना नियमित होण्याची वाट मिळाली; सगळे झाले असं मात्र समजू नका. अशा भूखंडासाठी नियमितीकरण पत्र, म्हणजे नागपूरकरांचं ‘आरएल’, मागाच. बँक कर्ज देते म्हणजे सारं ठीक, असं कुणी म्हणेल. पण बँक आपल्या कर्जापुरतं पाहते. सदनिकेचा ताबा लांबला तरी हप्ता तुमच्याच पगारातून जातो. बांधकाम सुरू असलेल्या सदनिकेची मंजुरी आणि प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख गृहप्रकल्पांचं नियमन करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर बघा, आणि मगच बयाणा द्या.