पडद्यावरची प्रीत आणि आपला उंबरठा



सिनेमावर बोलावयाचे ठरले तेव्हा आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "समाजप्रबोधनाच्या कार्यक्रमात सिनेमा कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण आपली मुले-मुली प्रेम म्हणजे काय हे आपल्याकडून शिकत नाहीत, ती पडद्यावरून शिकतात. तेव्हा पडदा काय शिकवतो, ते आपण एकदा पाहिलेच पाहिजे.

1936 सालची गोष्ट घ्या. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण रद्द केले आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय, सहभोजनाने भागणार नाही, असे त्यात स्वच्छ सांगितले आहे. त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. अशोक कुमार ब्राह्मणाचा मुलगा, देविका राणी रेल्वे फाटकवाल्याची अस्पृश्य मुलगी. गाणी घरोघरी गेली. पण लग्न होत नाही, शेवटी गाडीखाली मरते ती मुलगीच. बाबासाहेबांनी ज्याला उपाय म्हटले, ते पडद्याला दाखविणे जमले नाही.

1959 च्या 'सुजाता'त बिमल रॉय यांनी लग्न होऊ दिले. नूतनने ती भूमिका किती संयमाने केली आहे! त्यात रवींद्रनाथांच्या 'चंडालिका'चा प्रयोगही दाखविला आहे. भिक्खू आनंद चांडाळकन्या प्रकृतीकडे पाणी मागतात ती कथा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचणाऱ्यांना सांगावयास नको. मात्र सुजाताला घरात मान केव्हा मिळतो? तिचे रक्त जखमी आईला चालते, तेव्हा. आम्हाला येथे विचारावेसे वाटते, रक्त जुळले नसते तर?

पुढे हिंदी सिनेमाने जात हा शब्दच टाळला आणि श्रीमंत-गरीब एवढेच ठेवले. 1973 चा राज कपूर यांचा 'बॉबी' पहा. धनिकाचा मुलगा, कोळ्याची मुलगी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे संगीत. शेवटी दोन्ही बाप पाण्यात उड्या मारून एकमेकांची लेकरे वाचवतात आणि भांडण मिटते. (जाता जाता सांगतो, 6 फेब्रुवारी 1977 रोजी दिल्लीत बाबू जगजीवनराम यांची सभा होती. लोक घरीच राहावेत म्हणून त्या सायंकाळी दूरदर्शनवर 'बॉबी' लावला असे सांगतात. तरीही मैदान भरले होते!) गरिबी अशी आहे की एखाद्या धंद्याने, एखाद्या नोकरीने ती हटते. जात नोकरी लागली तरी हटत नाही. पैशाची दरी दाखविली की प्रेक्षक आनंदाने घरी जातो, कारण त्याला स्वतःच्या घराकडे पाहावे लागत नाही.

29 एप्रिल 2016 रोजी 'सैराट' प्रदर्शित झाला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. येथेही मुलगा मासेमारी करणाऱ्या घरचा, पण आर्ची पाटलांची. ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, आणि पाटलाचा पोरगा भर वर्गात सरांच्या कानाखाली वाजवतो. हे कॉलेज आपल्या ओळखीचे आहे. अजय-अतुल यांच्या गाण्यांवर थिएटरात पोरे नाचली. मराठीत शंभर कोटींच्या पुढे गेलेला हा पहिला चित्रपट. शेवटी मात्र पडद्यावर आवाजच नाही, फक्त लहानग्याची रक्ताने भरलेली पावले. नाचलेली पोरे मान खाली घालून बाहेर पडली, ते आम्ही पाहिले आहे.

त्याच्या बरोबर दोन वर्षे आधी, 28 एप्रिल 2014 रोजी, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला होता. वरच्या जातीतील मुलीशी बोलतो म्हणून, असा आरोप होता. नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्याच्या आईबापांसाठी 'सैराट' ही करमणूक नव्हती.

2018 मध्ये करण जोहर यांच्या कंपनीने 'सैराट'चा हिंदी 'धडक' काढला. करमाळ्याचे उदयपूर झाले, कोळ्याच्या मुलाचा हॉटेलवाल्याचा मुलगा झाला आणि जात एकदोन वाक्यांत येऊन गेली. 'झिंगाट' मात्र ठेवले! आमचे मत विचाराल तर, जे विकले जाते ते घेतले आणि जे बोचते ते गाळले.

विद्यार्थी मित्रहो, कायद्याचेही ऐका. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस कार्यालयात लावली जाते. घरच्यांपासून लपून आलेल्या जोडप्याला हेच 30 दिवस जड जातात. 27 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात अशा जोडप्यांना पोलीस संरक्षण, जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा देण्याचे निर्देश दिले. धोका असेल तर पळण्याआधी हे माहीत असू द्या.

आता आमच्याविषयी. दुसऱ्यांच्या वाड्यावर बोट दाखविणे सोपे असते. आमच्या संस्थेतर्फे वधू-वर परिचय मेळावा भरतो. त्याच्या अर्जात नाव, शिक्षण, नोकरी आणि चौथ्या रकान्यात पोटजात विचारलेली आहे. धम्मदीक्षेला इतकी वर्षे झाली, तरी आम्ही तो रकाना दरवर्षी छापतो. गेल्या बैठकीत एका मुलीने उभे राहून विचारले, "हे कोणासाठी?" कोणी म्हणाले, पालक मागतात. कोणी म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. ती मुलगी खाली बसली आणि चर्चा मंडपाच्या भाड्यावर गेली. त्या दिवशी आम्हीही गप्प बसलो, हे येथे कबूल करतो.

यंदाचा अर्ज अजून छपाईला गेलेला नाही. त्याची कच्ची प्रत दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, शेजारी पेनही आहे.