आधी किती मिळत होते?

मागच्या भागात आम्हा इंजिनिअर लोकांच्या पगारावर बोललो. आज आमच्या समोरच्या रांगेत बसणाऱ्यांबद्दल. मी एका ओटीटी कंपनीत कोड लिहितो. नाव विचारू नका, अजून तिथेच आहे.

आमच्याकडे प्रॉडक्ट मार्केटिंगला दोघं होते. म्हणजे होर्डिंगवाले नव्हेत हं. प्लॅनची किंमत ॲपमध्ये कशी मांडायची, फुकट बघणाऱ्याला नेमकं कधी ‘पैसे भरा’ म्हणायचं, कुणाला कुठलं नोटिफिकेशन पाठवायचं, हे त्यांचं काम. नेटफ्लिक्सने भारतात २०१९ मध्ये फक्त मोबाइलसाठी १९९ रुपयांचा प्लॅन आणला, डिसेंबर २०२१ मध्ये तो १४९ ला केला. असा बदल लोकांपुढे कसा न्यायचा, तो हा विषय.

दोघांचा अनुभव पाच-पाच वर्षांचा. तो फिनटेकमधून आलेला, १४ लाखांवरून. ती एका वर्तमानपत्राच्या डिजिटल विभागातून, ८ लाखांवरून. एचआरने दोघांनाही ‘३० टक्के वाढ’ दिली. करा हिशेब. त्याला १८ लाख २० हजार, तिला १० लाख ४० हजार. काम एकच, खुर्च्या शेजारी-शेजारी. आणि हे सगळं सीटीसी बरं का, त्यात कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलेली.

मला दोन्ही आकडे माहीत होते. त्याने एका पार्टीत सांगितलेला. तिने मार्चमध्ये, अप्रेझलच्या आधी, ‘किती मागू रे?’ विचारताना. मी म्हटलं, वीस टक्के माग. त्याचा आकडा जिभेवर होता, गिळला. दुसऱ्याचा पगार सांगायचा नसतो ना!

कॅलिफोर्नियात २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारायलाच बंदी आहे, आणि २०२३ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगार किती ते किती, हे लिहावं लागतं. त्यातही गंमत आहेच. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सच्या एका एआय प्रॉडक्ट मॅनेजरच्या जाहिरातीत ३ लाख ते ९ लाख डॉलर असं लिहिलं होतं. एवढ्या फटीतून ट्रक जाईल. पण निदान खालचा आकडा तरी कळतो. आपल्याकडे ऑफरच्या आधी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागतात आणि त्यावर टक्के लावतात.

सप्टेंबरमध्ये शेवटी त्यालाच विचारलं, तिला सांगू का? तो म्हणाला, ‘सांग की, माझं काय जातंय?’ सहा महिने मी ज्याच्यासाठी गप्प होतो, त्याला काही पडलेलीच नव्हती.

तिला चहाच्या टपरीवर सांगितलं. तिने एवढंच विचारलं, ‘तुला कधीपासून माहीत होतं?’

तिने दुसरीकडे १८ मागितले, साडेसोळावर ठरलं. त्यानंतर आमचं बोलणं जरा कमीच झालं. हा भाग करू का म्हणून तिला मेसेज टाकला होता. दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘कर. आकडे खरे सांग.’