गांजाचं दुकान उघडावं का?



परवा पारावर वाद चालला होता. एक तरुण म्हणाला, "गुरुजी, दारूला परवाना आहे, मग गांजाला का नको? सरकारनं दुकान काढावं, कर घ्यावा. चोरटा धंदा आपोआप बसेल." एक म्हातारबाबा उसळले, "पिणारा न् विकणारा, दोघांना एकाच दोरीनं बांधा!" दोघांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही तेव्हा गप्प बसलो. आज बोलतो.

इंग्रजांच्या राज्यात गांजा-अफूची परवान्याची दुकानं होती. सरकारला त्यातून पैसा मिळे. पुढे १९८५ साली आपल्या देशानं कडक कायदा केला. गांजा, चरस, गर्द बाळगणं, विकणं, ओढणं, सगळाच गुन्हा ठरला. लागवडसुद्धा. शेतकऱ्यांनी हे नीट ऐकावं. उसात चार झाडं लावली तर कोणाला दिसतात, असं काही जण म्हणतात. पण गांजाच्या झाडांसाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बी आणून देणारा त्या दिवशी तुमच्या शेजारी उभा राहत नाही.

तरुणाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात बायांनी लढा दिला आणि २०१५ साली दारूबंदी झाली. २०२१ साली सरकारनं ती उठवली. चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, हे कारण दिलं. पण परवान्याचं दुकान जवळ आलं म्हणून कोणाच्या घरी मजुरी पुरती पोचू लागली, असं आम्ही तरी पाहिलेलं नाही. आणि गर्द म्हणजे काही ताडी नव्हे. तो एकदा अंगात मुरला की सुटत नाही. मिळाला नाही तर हाडं ठणकतात, उलट्या होतात, झोप उडते.

युरोपात पोर्तुगाल नावाचा एक लहान देश आहे. त्यानं २००१ साली वेगळी वाट धरली. दुकान उघडलं नाही. विकणारा तिथं गुन्हेगारच आहे. पण स्वतःपुरता थोडा माल जवळ असला तर त्या माणसाला तुरुंगात धाडत नाहीत. एका समितीपुढं नेतात आणि व्यसनी असेल तर उपचाराकडे वळवतात.

आपल्या कायद्यातही एक खिडकी आहे. कलम ६४-अ. थोड्या मालासह सापडलेला किंवा नशा केलेला व्यसनी माणूस आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार पुरा करावा लागतो. अर्धवट सोडला तर ही सवलत जाऊ शकते.

हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. आमचा एक जुना विद्यार्थी गर्दाच्या नादी लागला. एका रात्री त्याचा बाप आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, सांगू कोणाला? पोलिसाला कळलं तर पोरगं आत जाईल." आम्ही शहाणपणा केला. म्हटलं, कोंडून ठेवा, दोन थोबाडीत द्या. मुख्याध्यापकी अंगात भिनलेली! पोरगा कौलं काढून पळाला. अशी दोन वर्षं गेली. घरातली भांडी गेली, आईची पोत गेली.

शेवटी कोणी तरी पुण्याच्या मुक्तांगणाचं नाव सांगितलं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केलं. पोरगा तिथं राहिला, सुधारला. आता शेळ्या पाळतो. जवळ कुठं उपचार मिळतो हे विचारायला १४४४६ हा फोनही आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

पारावरच्या वादानंतर आम्ही त्यालाच विचारलं, "काय रे, दुकान निघावं का?"

तो शेळीला पाला टाकत म्हणाला, "गुरुजी, दुकान समोर असतं तर सुटून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तिथं गेलो असतो. आणि पोलिसाची भीती नसती तर दवाखान्यात दोन वर्षं आधी गेलो असतो."