चार रंगांचे मासे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आवडत्या पुस्तकाविषयी बोला, असा निरोप आला तेव्हा माझी धाकटी मुलगी शेजारीच बसली होती. तिने हॅरी पॉटरचे सातही भाग दोनदा वाचले आहेत. मला म्हणाली, "अब्बा, तुमच्या लहानपणी असं काही होतं का? म्हणजे एक भाग संपला की दुसऱ्यासाठी जीव कासावीस होईल असं?" म्हटलं, होतं की. आणि त्याचे भाग सातावर थांबत नव्हते. हजार रात्री आणि वर एक रात्र.

मी अरबी कथांबद्दल बोलतोय, पण मराठीतल्या.

जुन्नरला शाळेत असताना वाचनालयात मला एक जाडजूड, पुठ्ठा सुटलेलं पुस्तक मिळालं. 'आरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'. ते माझ्या हाती देताना तिथले गृहस्थ प्रेमाने म्हणाले, "घेऊन जा, तुमच्याच लोकांच्या गोष्टी आहेत." मी खूश झालो. घरी जाऊन दादीला सांगितलं, आपल्या गोष्टींचं पुस्तक आणलंय. दादीने ना सिंदबादचं नाव ऐकलेलं, ना हारून अल् रशीदचं. ती रात्री आम्हाला गोष्टी सांगायची त्या चिमणी-कावळ्याच्या, शिवनेरीच्या पायथ्याशी आलेल्या बिबट्याच्या. आमचं घराणं कागद्यांचं. पेशव्यांच्या दप्तरात जो जुन्नरी कागद वापरला जाई, तो बनवणाऱ्यांपैकी. दादी म्हणाली, "अपने कैसे के रे? अपन तो जुन्नर के!"

तो प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं राहिला. कुणाच्या या गोष्टी?

मी वाचत होतो ते पुस्तक कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं. पुण्याचे शास्त्रीबुवा, संस्कृतचे मोठे पंडित. कालिदासाचं 'मेघदूत' मराठी पद्यात आणणारे. त्यांनी १८६१च्या सुमारास हे काम इंग्रजीवरून करायला घेतलं, आणि त्यांच्या मागे ते पुरं करण्यात त्यांचे चिरंजीव, निबंधमालाकार विष्णुशास्त्री यांचाही हात होता. म्हणजे अरबीतून फ्रेंच-इंग्रजी असा वळसा घालून आलेल्या गोष्टी एका शास्त्र्याच्या मराठीत, आणि त्या वाचतोय जुन्नरच्या कागद्याचा पोरगा. माझं मराठी त्या पुस्तकाने घडवलं, हे मी मुशायऱ्यातही सांगतो आणि साहित्य संमेलनातही. दोन्हीकडे लोक हसतात. ती लांब लांब वाक्यं मी मोठ्याने वाचायचो. अर्ध्या शब्दांचा अर्थ कळायचा नाही, पण वाक्य कुठे उतरणार ते कानाला कळायचं.

पुढे बी.ए.ला असताना गौरी देशपांडे यांचे खंड हाती लागले. महर्षी कर्व्यांची नात, इरावतीबाईंची मुलगी, आणि स्वतः मराठीतली खणखणीत लेखिका. रिचर्ड बर्टनने १८८५ साली दहा खंडांत इंग्रजीत आणलेल्या 'अरेबियन नाइट्स'वरून त्यांनी मराठी भाषांतर केलं. आमच्याकडे खंड ओळीने मिळायचेच नाहीत. पहिला कुणीतरी नेलेला, दुसरा बाइंडिंगला, चौथा हजर. मी तसेच वाचले. चिपळूणकरांनी घरात सर्वांदेखत वाचता येईल असं केलं होतं, गौरीबाईंनी काहीच झाकलं नाही. माणसांच्या वासना, फसवणुका, शरीरं, थट्टा, सगळं जिथल्या तिथे. कॉलेजच्या वयात त्याचं कौतुक वेगळ्या कारणासाठी होतं, ते कबूल करतो.

आता मूळ प्रश्न. शहरजादला रोज पहाटे मरण आहे, म्हणून ती गोष्ट अर्धी ठेवते, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण तिचा तो राजा अरब नाही. ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो हिंदुस्थान आणि चीनच्या बेटांवरचा ससानी वंशाचा राजा म्हणून येतो. नावं फारसी. गोष्टीच्या पोटात गोष्ट ही तऱ्हा आपल्या पंचतंत्राची, कथासरित्सागराची. सर्वांना माहीत असलेला अल्लाउद्दीन चीनमधला, आणि त्याची व अलीबाबाची गोष्ट जुन्या अरबी हस्तलिखितांत नव्हतीच. हन्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या एका ख्रिस्ती तरुणाने १७०९ साली पॅरिसमध्ये त्या गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितल्या. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न अल् नदीम होऊन गेला. पुस्तकं आणि कागद हाच त्याचा व्यवसाय, म्हणजे आमच्या जातीचाच म्हणायचा. त्याने मूळ फारसी ग्रंथाची नोंद करून वर शेरा मारला की हे काही धड पुस्तक नाही, सांगण्यात रस नाही! समीक्षक तेव्हाही होतेच.

आणखी एक वाट आमच्या दाराशीच येते. जुन्नरहून नाणेघाटात जा. तिथे लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. याच सातवाहनांच्या दरबारात गुणाढ्य होता, अशी कथा आहे. त्याने पैशाची भाषेत 'बृहत्कथा' लिहिली. राजाने ती भाषा हीन म्हणून नाकारली, तेव्हा गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. जनावरं चरायची सोडून ऐकत उभी. राजाच्या ताटातलं मांस सुकं लागू लागलं, तेव्हा कुठे चौकशी झाली. सात लाख श्लोकांतले एक लाख वाचले. आमच्याकडे उसात रात्रीचं पाणी धरायला गेलेला माणूस बिबट्याच्या भीतीने मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतो, तेव्हा मला गुणाढ्य आठवतो.

बरं, हे झालं घराण्याचं. मी आज आग्रह धरणार आहे तो एका गोष्टीसाठी. कोळी आणि जिन्न.

एक म्हातारा कोळी जाळं टाकतो. त्यात सुलेमानाची मोहर असलेला पितळी घडा येतो. मोहर फोडताच जिन्न निघतो आणि म्हणतो, तुला मारणार. का? तर आत कोंडला असताना पहिल्या काळात त्याने ठरवलं होतं की सोडवणाऱ्याला श्रीमंत करीन. कुणी आलं नाही. मग म्हणाला, पृथ्वीतलं धन उघडून देईन. तरी कुणी नाही. शेवटी चिडून शपथ घेतली, आता येईल त्याला ठार करीन. फार उशिरा आलेल्या मदतीवर माणूस कसा उखडतो, हे मी याहून नेमकं कुठे वाचलेलं नाही. कोळी त्याला युक्तीने पुन्हा घड्यात घालतो, वचन घेऊन पुन्हा सोडतो, आणि जिन्न त्याला डोंगरांमधल्या एका तळ्याशी नेतो. तळ्यात चार रंगांचे मासे: पांढरे, तांबडे, निळे, पिवळे.

मासे सुलतानाच्या मुदपाकखान्यात जातात. तव्यावर पडले की भिंत दुभंगते, एक तरुणी बाहेर येते आणि माशांना विचारते, तुम्ही वचनाला जागलात ना? आणि तळले जात असलेले मासे मान वर करून हो म्हणतात. लहानपणी या जागी मी पुस्तक मिटून पांघरुणात शिरलो होतो.

सुलतान तळ्याच्या शोधात निघतो. त्याला कमरेपासून खाली दगड झालेला एक तरुण राजा भेटतो. त्याच्या जादूगार बायकोने त्याचं सबंध शहर तळं करून टाकलंय. पांढरे मासे ते मुसलमान, तांबडे अग्निपूजक, निळे ख्रिस्ती, पिवळे यहुदी.

हा तपशील मी कित्येक वर्षं ओलांडून पुढे जात असे. १९९२च्या डिसेंबरात ती गोष्ट पुन्हा काढली आणि त्या ओळीवर थांबलो. शहर बुडाल्यावर रंग उरले होते, आणि तवा सगळ्यांना एकच होता. जादू उतरते तेव्हा कथाकार एवढंच सांगतो की बाजार भरले, लोक खरेदी-विक्री करू लागले, जो तो आपल्या धंद्याला लागला. कोण कुठल्या रंगाचा होता, हे पुन्हा कुणी काढत नाही.

माझा एक मित्र जुन्या आंबेगावचा, निवृत्त शिक्षक. श्रोत्यांना कल्पना असेल, आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला, नाव मात्र बुडालेल्या गावाचं. एका मे महिन्यात आम्ही दोघं जलाशयाच्या काठी बसलो होतो. पाणी बरंच उतरलेलं. तो बोटाने दाखवत होता: इथे आमची आळी, तिथे वाण्याचं दुकान, तिथून वर गेलं की मोमिनांची दोन घरं. मला पाणी आणि चिखल दिसत होता. मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "त्यांचं परत आलं ना गाव? बरं झालं." मग थोड्या वेळाने, "पण किती लांब गेलं होतं ते?"

या प्रश्नाचं उत्तर गोष्टीत आहे. बर्टनच्या पाठात सुलतान अडीच दिवसांत तिथे पोचलेला असतो. परत निघताना तरुण राजा सांगतो, जादू होती म्हणून अडीच दिवस लागले. आता गाव खरं झालं, आता तुमच्या राज्यापर्यंत वर्षाची वाट आहे.

मित्र यावर काही बोलला नाही. खिशातून तंबाखूची पुडी काढली, मळली, आणि उठला.

खटकणाऱ्या जागाही सांगतो, नाहीतर तुम्ही मला धराल. या ग्रंथात बायका बऱ्याचदा कपटी, काळ्या गुलामांना तर माणूस म्हणून फारशी जागाच नाही. याच गोष्टीतल्या त्या राणीचा प्रियकर तसाच रंगवला आहे. बर्टन त्यावर स्वतःच्या काळाचं मीठ भुरभुरवतो. ते तसंच वाचावं, पण गिळू नये. गौरीबाईंचे खंड मुलांच्या हाती देऊ नका. मुलांना चिपळूणकर मोठ्याने वाचून दाखवा, अवघड शब्द आला तरी थांबू नका. आणि मोठ्यांनी कृपा करून अल्लाउद्दीनपासून सुरुवात करू नये, तो सिनेमात पाहून झालाय. पहिल्या रात्रीपासून घ्या. एका बैठकीत चार-पाच रात्रींपेक्षा जास्त वाचलंत तर गोष्टी एकमेकींत मिसळतात, हा अनुभव आहे. मधली पद्यं कंटाळवाणी वाटली तर खुशाल सोडा. मी कवी असून सोडतो.

माझ्या मुलीने पहिला खंड मागितला तेव्हा मी कपाट उघडलं. जागा रिकामी. आठवलं, तो आंबेगावकर घेऊन गेलाय. फोन केला. म्हणाला, "सव्विसाव्या रात्रीवर आहे. घाई करू नकोस."