पोचपावतीची वाट किती पाहावी?

ठाण्याहून कल्याणकडे जाणारी मेलगाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली, की डब्यात ‘हॅलो, हॅलो’ सुरू होते. (जलद लोकल २०२२ पासून मुंब्र्याच्या बाजूने जातात, बोगदा मेलगाड्यांकडे राहिला.) १९१६ सालचा हा बोगदा सुमारे १.३ किलोमीटर लांब. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने तो ओलांडायला ७८ सेकंद लागतात. पण गाडी उजेडात आली, फोनवर सिग्नल दिसू लागला, तरी पाठवलेला मजकूर काही वेळ अडकूनच राहतो. असे का होते, ते आज पाहू.

आपला मजकूर लहान लहान पाकिटांतून जातो आणि पाकिटे पोचल्याची पावती परत येते. पावती वेळेत आली नाही, तर यंत्र पाकीट पुन्हा पाठवते. ज्या नियमांनी हे चालते त्यांना टीसीपी म्हणतात. आता वाट किती पाहायची? पावतीला सरासरी किती वेळ लागतो ते पाहायचे आणि त्यात चढउताराची चौपट मिळवायची. डोंबिवलीला लोकल गाठणारा माणूस नाही का, रिक्षाला दहा मिनिटे लागतात म्हणून बरोबर दहा मिनिटे आधी निघत नाही. रस्त्याचा लहरीपणा ओळखून पदरी थोडा वेळ ठेवतो. तसेच हे.

या हिशेबाचा पाया व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली घातला. चौपटीचा आकडा मागाहून आला. त्याआधी ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे, अवघ्या चारशे यार्डांच्या अंतरात, सेकंदाला ३२ हजार बिट वाहणारा मार्ग ४० बिटांवर आला होता! गर्दी झालेली, आणि अधीर यंत्रे तीच पाकिटे पुन्हा पुन्हा ढकलत होती.

म्हणून पावती आली नाही तर दर खेपेस थांबण्याचा वेळ दुप्पट करतात. गर्दीत हे शहाणपणाचेच. पण बोगद्यात गर्दी कुठली? पहिली वाट एका सेकंदाची धरा. मग १, ३, ७, १५, ३१, ६३ या सेकंदांना प्रयत्न होतात आणि ते सारे बोगद्यातच वाया जातात. पुढचा थेट १२७ व्या सेकंदाला. म्हणजे गाडी बाहेर आली तरी यंत्र आणखी ४९ सेकंद गप्प!

मग घड्याळच आखूड करा, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. मोबाइलचा मनोरा हवेत बिघडलेला तुकडा स्वतःच पुन्हा पाठवत असतो, त्यामुळे पावती हरवत नाही, नुसती उशिरा येते. घड्याळ उतावीळ असेल तर एकच माल दोनदा जातो, वर यंत्र गर्दी समजून आपला वेग उतरवते. पावत्यांवरून ‘हा नुसता उशीर होता’ हे ओळखण्याची एक रीत २००९ साली प्रमाण नियमांत आली. मला तो मार्ग अधिक बरा वाटतो.

आता मुरबाड-शहापूरकडच्या गुरुजींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. नुसते वाचायचे पान अडकले असेल, तर बंद करून पुन्हा उघडावे. बहुधा नवी जोडणी होते आणि तिचे घड्याळ पुन्हा एका सेकंदापासून चालू लागते. पैसे पाठवताना मात्र तसे करू नये. टीसीपी पाकिटांचे क्रमांक ओळखते आणि दुसऱ्यांदा आलेले पाकीट टाकून देते. पण तुम्ही दुसऱ्यांदा दाबलेले बटण तिच्या दृष्टीने अगदी नवा मजकूर असतो. आधी खात्यातून पैसे गेले का ते पाहावे, मगच पुन्हा बटणाला बोट लावावे.